कंपवातावरची कॉफी

गल्लीतल्या माथुरसाहेबांच्या दिवाणखान्यात, चारचौघांसमोर, माझ्या हातातला कप बशीवर वाजला. अगदी हळू वाजला. पण माणूस बोलायचा थांबावा आणि नेमका तेव्हाच कप वाजावा, तसं झालं. माथुरसाहेबांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि मग एकदम छताकडे. छताकडे पाहणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मी माझ्या धंद्यावरून सांगतो. मी आगविमा कंपनीत क्लेम तपासतो. कुणाचं गोदाम जळलं की जळकी गाठोडी पाहायच्या आधी मी मालकाचे डोळे पाहतो.

घरी येऊन मी दार लावलं आणि हात समोर धरला. हलत होता का? होता. मग थांबला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं की पुन्हा हलायचा. आता, रोखून पाहिल्यावर हलतो तो आजार की नुसतं अवघडलेपण, हे मला ठरवता येईना. माझ्या वडिलांना, अप्पांना, कंपवात होता. त्यांचाही हात असाच सुरू झाला होता. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा हसत नसे, पाऊल उचलत नसे आणि घास तोंडापर्यंत पोचत नसे. मला त्याची भीती वाटत होती.

त्यात नेमकं तेव्हाच सातारच्या शाखेचं मॅनेजरपद रिकामं होणार होतं आणि ते मला मिळण्यातलं होतं. इतकी वर्षं जयपूरच्या वाळूत काढल्यावर साताऱ्याचं नुसतं नाव कागदावर पाहिलं तरी मला भरून यायचं. अट एकच होती: कंपनीच्या डॉक्टरने प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहून द्यायचं. म्हणजे कंपवाताचा नुसता वास आला तरी सातारा गेलं.

आमच्याच गल्लीत मेजर हिंदुराव निकम राहायचे. लष्करी डॉक्टर, कोल्हापूरकडचे. छावणीत क्वार्टर मिळेना म्हणून आदर्शनगरात भाड्याने राहिलेले. मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "माझ्या एका स्नेह्याच्या हाताला जरा कंप आहे."

"स्नेही व्हय? बरं, बरं. स्नेह्यानं हात पुढं करावा," मेजर म्हणाले.

मी निमूट हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट केला, कोपरात वाकवला, मला अंगणात चालायला लावलं. मग म्हणाले, "आत्ता तर काय दिसत न्हाई. ह्याला साहेबाच्या भाषेत पार्किन्सन म्हणत्यात. कुणाला व्हईल, कुणाला न्हाई, छातीठोक कुणी सांगू शकत न्हाई. पर काही डॉक्टर लोकांचं म्हणणं हाय, भरभर चालणाऱ्याला हा रोग कमी हुतो. कॉफी पिणाऱ्यात बी कमी दिसतो म्हणं. खात्री न्हाई बरं का! ह्यो नुसता अंदाज. पाला, भाज्या खावा, फवाऱ्याच्या विषापासून लांब ऱ्हावा. कॉफी घेता न्हवं?"

"घेतो की," मी म्हणालो.

या दोन शब्दांनी माझा घात केला. पण ते पुढे.

दुसऱ्याच दिवशी मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि रामनिवास बागेत भरभर चालायला निघालो. भरभर चालणं ही खासगी गोष्ट असावी असा माझा समज होता. फाटकाशीच माथुरसाहेब भेटले. "अरे परचुरेजी! सैर? अकेले अकेले?" म्हणत बरोबर आले. माथुरसाहेब सचिवालयातून निवृत्त झाले होते, पण त्यांची चाल अजून फाइलीचीच होती. प्रत्येक टेबलाशी थांबायचं! दूधवाल्याशी थांबले, म्युझियमसमोरच्या कबुतरांशी थांबले, आणि बागेबाहेरच्या कचोरीवाल्याशी तर असे थांबले की तो त्यांना न विचारताच कचोरीची दोन पानं लावू लागला. "हाथ काँपने में गरम कचोरी बहुत अच्छी," ते मला म्हणाले. मी दचकलो. हात कापतो हे यांना कुणी सांगितलं? आणि यांना माहीत आहे म्हणजे गल्लीत कुणाला माहीत नाही?

आठवड्याभरात माझं पोट सुटलं. त्यातून रोज नवा सल्ला. माथुरीणबाई म्हणाल्या, तांब्याचं कडं घाला. समोरच्या सरदारजींनी अक्रोडाची पिशवी पाठवली. मी ती उघडली नाही. फुकट अक्रोड पाठवणाऱ्या माणसाला काय हवं असतं? पुढे कळलं, त्यांना दुकानाचा विमा उतरवायचा होता. शेवटी मी बूट काढून पलंगाखाली सारले आणि चालणं बंद केलं. अब्रू राखून कुठेही चालता येईल, पण या गावात नाही.

मग मलेरियावाले आले. पाठीवर टाकी, हातात नळी, घरोघर भिंतींवर औषध मारत चाललेले. मेजरांनी फवाऱ्यापासून लांब राहा म्हटलेलं. मी दारात आडवा उभा राहिलो. त्यांचा मुकादम म्हणाला, "बाबूजी, सरकारी काम है."

"असेल. माझ्या घरात डास नाहीत."

"मच्छर सबके घर में होते हैं."

"माझ्या घरातल्या डासांची चौकशी मी स्वतः केली आहे!"

त्याने माझ्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरात 'इनकार' लिहिलं आणि निघून गेला. सबंध आदर्शनगरात फवारणीच्या तारखा घातलेल्या भिंती, आणि मधे आमची एक इनकारवाली! त्या संध्याकाळपासून ज्याला त्याला डास चावला की तो आमच्या घराकडे बोट दाखवू लागला.

राहता राहिली कॉफी. ही मात्र घरातल्या घरात, कुणाच्या नजरेत न येता करण्यासारखी. मी मिर्झा इस्माईल रोडवरून कॉफीची पूड आणली आणि बायकोला, रत्नप्रभेला, म्हणालो, "मला आजपासून रोज चार वेळा कॉफी."

"चार वेळा? कशाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. पित्तासाठी," मी ठोकून दिलं. तिला अप्पांच्या आजाराची आठवण मी करून देणार नव्हतो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नेहमीसारखीच ना?"

"म्हणजे काय, आणखी कशी असते कॉफी?"

वाचकहो, मी तुम्हालाच विचारतो. आपल्या घरात कॉफी आणखी कशी असते? पाहुणे आले, उपास असला, कुणाचं डोकं दुखलं की दूध आटवायचं, साखर घालायची, कॉफीची पूड नावाला दाखवायची, आणि वर वेलची न् जायफळ. माझ्या आईने तशी केली, तिच्या आईने तशी केली. रत्नप्रभेनेही तशीच केली. ती स्वतः चहाची, मुलगी निशिगंधा दुधाची. म्हणजे ते पातेलं सगळं माझं.

पहिल्या काही रात्री मला झोप येईना. कॉफीने नव्हे हो, काळजीने. पांघरुणाखाली हात धरून मी बसायचो, हलतो का पाहत. रत्नप्रभा कूस बदलून म्हणायची, "अहो, झोपा ना." मी झोपल्याचं सोंग करायचो. आणि मग हळूहळू मला झोप येऊ लागली. रात्री आली ते ठीक. पण ती सकाळीही येऊ लागली. दुपारीही. तोंडाला कोरड पडे, पाय कापसात पडल्यासारखे वाटत, कुणी हाक मारली की मान वळायला वेळ लागे.

एक दिवस निशिगंधा जेवताना एकदम म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा ना... मतलब, हसत का नाही तो? मी एवढा जोक सांगितला."

"हसलो की मी."

"नाही हसलात. आतल्या आत हसले असाल. बाहेर कुछ नहीं आलं."

घास माझ्या हातातच राहिला. अप्पांचा चेहरा! मंद पाऊल, कोरडं तोंड, न हसणारा चेहरा. सगळी लक्षणं रांगेने दारात उभी होती. मी रत्नप्रभेला म्हणालो, "उद्यापासून कॉफी सहा वेळा." तिने मान डोलावली, पण डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे. मला नीट दिसेपर्यंत ती आत गेली होती.

पण सगळ्यांत भयंकर लक्षण पुढेच होतं. जोहरी बाजारातल्या एका कापडवाल्याचं गोदाम जळलं. मी तपासायला गेलो. मालक म्हणाला, आग लागली तेव्हा आपण सासरी चौमूंला होतो, सगळी माणसं सासरी होती, राखणदारसुद्धा आपल्या सासरी होता. एरवी असं काही ऐकलं की माझ्या टाळूपर्यंत वीज जाते. त्या दिवशी मी त्या काळ्या गाठोड्यांवर बसलो आणि म्हणालो, "असेल हो. सासर म्हटलं की जावंच लागतं." त्याने मला लस्सी पाजली. मी प्यालो! घरी येताना टांग्यात लक्षात आलं की मला संशयच आला नाही. परमेश्वरा, मला संशय येईनासा झाला! हात जाऊ दे, पाय जाऊ दे, पण माझ्याकडे दुसरं होतं काय?

आणि अशा अवस्थेत कंपनीच्या डॉक्टरची तपासणी आली. त्या दिवशी सावधगिरी म्हणून मी दोन कप जास्तच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, खुर्चीतून उठा. मी उठायचं ठरवलं. ठरवणं आणि उठणं यांच्यात त्यांनी चष्मा पुसून घेतला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय काही वेळाने हलला. त्यांनी शेरा लिहिला: हालचाली मंद, चेहरा निर्विकार, तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. तो कागद माझ्या देखत मुंबईच्या मुख्य कचेरीला रवाना झाला. आठवड्यात सातारचं पद दुसऱ्या कुणाला गेलं. मेहता की कुणी. मी नाव विचारलं नाही. मला रडू आलं असतं, पण चेहऱ्यापर्यंत ते पोचलंच नाही.

आता घरातही काहीतरी शिजत होतं. माझा संशय अगदीच मेला नव्हता, गुंगीत होता इतकंच. पहाटे पडल्या पडल्या मला कडीचा आवाज येऊ लागला. डोळे उघडवत नव्हते, पण कान उघडे होते. रत्नप्रभा रोज पहाटे कुठेतरी जात होती आणि मी उठायच्या आत परत येत होती. एकदा पलंगाखाली माझे बूट पाहिले तर त्यांना ताजी वाळू! मी ते घातलेच नव्हते. निशिगंधेला विचारलं, "आई पहाटे कुठे जाते ग?" ती म्हणाली, "मला नाही पता, बाबा," आणि छताकडे पाहिलं. हिलाही छत!

दुपारी मेजरांच्या मंडळी, तारावहिनी, आमच्या स्वयंपाकघरात यायच्या. मी जवळ गेलो की दोघी एकदम मेथीच्या भावाविषयी बोलू लागायच्या. माझी खात्री झाली. माझी बायको माझ्या माघारी माझ्या आजारपणाची व्यवस्था लावत होती. बहुधा भावाकडे जायचं ठरवत असेल. मला कुठे ठेवणार होती? पुण्याला? की कुठल्या धर्मार्थ दवाखान्यात? मी चिडून कॉफी मागितली.

शेवटी एका रविवारी मेजर स्वतः आले. "काय ओ परचुरे, तुमचा स्नेही कसा हाय? ह्या वैनींनी तारीपाशी काळजी बोलून दाखवली म्हून आलो. बसा, हात बगू."

म्हणजे रत्नप्रभेने सांगितलं होतं! पित्ताची थाप तिला पहिल्या दिवशीच कळली होती तर. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. निदान तसा प्रयत्न केला. तिने मेजरांपुढे कॉफी ठेवली. लष्करातला मोठा माणूस, म्हणून पितळी पेल्यात, घट्ट, वर साय.

"वा, वैनी! आमच्या मेसमधली कॉफी म्हंजे नुसतं कडू पाणी. ह्याला म्हणत्यात कॉफी!" मेजरांनी पेला रिकामा केला. रत्नप्रभेने पुन्हा भरला. तोही रिकामा झाला.

मग बराच वेळ त्यांनी माझी चौकशी केली. झोप, भूक, अप्पांना कितव्या वर्षी झालं, सगळं. मी सावकाश उत्तरं देत होतो. हळूहळू मेजरही सावकाश प्रश्न विचारू लागले. "आता... असं करा..." ते म्हणाले, "हात... पुढं..." मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला. धरूनच ठेवला. मला वाटलं नाडी पाहताहेत. फार वेळ पाहत होते. मग माझ्या मनगटावर त्यांची मान टेकली आणि दोन लढाया पाहिलेला तो माणूस घोरू लागला.

हात सोडवावा तर मेजर खाली पडतील. मी तसाच बसलो. संध्याकाळ झाली तेव्हा तारावहिनी शोधत आल्या. "आवो! आवो, उठा की! कर्नलसाहेब जेवायला येणार हाईत, आन् हितं काय घोरताय?" त्यांनी खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा मेजरांनी एक डोळा उघडला. तोंड कोरडं पडलेलं, चेहरा निर्विकार. उठायचं त्यांनी ठरवलं आणि ठरवून बसून राहिले. मी ओळखलं. हे सगळं माझंच होतं!

"वैनी," मेजर जड जिभेने म्हणाले, "कॉफीत काय घातलंत?"

"काही नाही हो. नेहमीचंच. दूध, साखर, वेलची, जायफळ."

"जायफळ किती?"

"पहिल्यांदा चिमूटभरच घालत होते. पण यांना रात्री झोप लागेना. चार-चार वेळा कॉफी, मग झोप कुठली लागणार? म्हणून जायफळ वाढवलं. मग यांनी कॉफी आणखी वाढवली, म्हणून मी जायफळ आणखी वाढवलं. आता पातेल्याला अर्धं लागतं. आज तुमच्यासाठी म्हणून अख्खं उगाळलं."

मेजर असे हसले की खुर्ची करकरली. "अहो, एवढ्या जायफळानं हत्ती झिंगंल! परचुरे, तुमाला पार्किन्सन न्हाई, तुमाला मसाला झालाय!"

जायफळ बंद झालं. काही दिवसांत मी नीट चालू लागलो, निशिगंधेच्या विनोदाला बाहेरून हसू लागलो, आणि एका सकाळी चौमूंच्या सासरवाडीबद्दल मला इतका जबर संशय आला की मी चहा टाकून धावत ऑफिसात गेलो. राखणदाराचं लग्नच झालेलं नव्हतं! पण सातारा काही परत आलं नाही. मी मुंबईला अर्ज केला की शेरा आजारावर नसून जायफळावर होता. उत्तर आलं की एकदा निर्विकार ठरलेला चेहरा पुन्हा तपासण्याची तरतूद नियमांत नाही.

मी मेजरांना विचारलं, "मग माथुरांच्या घरी कप वाजला होता तो? तेव्हा तर जायफळ नव्हतं."

मेजर हसायचे थांबले. "त्याचं मी काय सांगू? आज तुमच्यात काय न्हाई. उद्याचं कुणी लिहून देत न्हाई. चाला, कॉफी प्या, कडू प्या. नशिबात असंल तर मग बघू." जन्म मी लोकांना आगीची लेखी हमी विकणाऱ्या कंपनीत काढला. माझ्या एका हातापुरती हमी द्यायला जयपुरात कुणी तयार नव्हतं.

एक प्रश्न राहिला होता. गुंगी गेली तरी पहाटेची कडी वाजतच होती. आता माझे डोळे उघडत होते. एका पहाटे मी मागोमाग निघालो. भिंतीच्या कडेने, झाडांच्या आडून, रामनिवास बागेपर्यंत. आणि पाहतो तर रत्नप्रभा माझे कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून, तारावहिनींच्या पुढे वाऱ्यासारखी चालली होती! बूट मोठे होत होते, फटाक फटाक वाजत होते. माथुरसाहेब कचोरीवाल्याशी उभे होते. त्यांनी तिला अदबीने नमस्कार केला, पण तिला थांबवायची त्यांची छाती झाली नाही.

मी आडवा आलो. "हे काय चाललंय?"

ती दचकली, पण थांबली नाही. मलाच बाजूला व्हावं लागलं. "चालतेय. मेजरभाऊजी तुम्हाला म्हणाले होते ना, चाला म्हणून? तुम्ही सोडलंत. मग म्हटलं, मी तरी करते."

"पण तुला कुठे काय झालंय?"

"मला काही झालेलं नाही, होऊही द्यायचं नाही. अप्पांना शेवटची वर्षं कोणी भरवलं?"

"तू."

"मग तुम्हाला झालं तर कोण भरवणार? घरात एकाचे तरी हात धड नकोत का?" ती जरा धापा टाकत होती, पण पाय थांबत नव्हते. "आणि मलाच झालं तर? तुमच्या हातून भरवून घेऊ? साधा वरणभात कालवता येतो का तुम्हाला?"

मला नाही येत. तेवढ्या वेळात मी पार मागे पडलो होतो. तारावहिनीसुद्धा मला मागे टाकून गेल्या.

त्या दिवशी रजा घेतली. दुपारी स्वयंपाकघरात पाटावर बसलो, ताटात भात घेतला, वरण ओतलं. जास्त झालं. भात वाढवला, तोही जास्त झाला. तूप घालायचं राहिलं, लिंबाची बी आत गेली. रत्नप्रभा समोर बसून सगळं पाहत होती. मी घास केला आणि तिच्या तोंडापुढे धरला. हात मुळीच हलत नव्हता, तरी निम्मा भात तिच्या लुगड्यावर सांडला.

तिने उरलेला घास खाल्ला, पदर झटकला आणि म्हणाली, "मीठ राहिलंय. उद्या पुन्हा करा."